चिडीचूप मिस्त्रींची पितळी चोच

सकाळी आठला वर्कशॉपचं लोखंडी दार सरकायचं आणि चिडीचूप मिस्त्रींचा तिरस्कार आत यायचा. मिस्त्री स्वतः त्याच्यामागून, दोन पावलं अंतर ठेवून.

पहिली नजर रंगखात्यावर. ज्यांना पत्रा सरळ करता येत नाही ते तो रंगवायला लागतात, हे त्यांचं त्या खात्याविषयीचं कायमचं मत. पुढे काचवाले. गाडीत सगळ्यात आधी जी वस्तू फुटते ती बसवणारी माणसं, त्यांच्याशी काय बोलायचं? वायरिंगवाल्याला तर ते ओळखही देत नसत. दिवा लागला किंवा नाही लागला, यात कारागिरी कसली?

शेवटचा कटाक्ष दारामागच्या खिळ्याकडे. तिथे कानांवर लावायची पिवळी झापडं टांगलेली असत. ठोकाठोक करताना कान शाबूत राहावेत म्हणून दहा वर्षांपूर्वी वर्कशॉपने प्रत्येकाला एक जोडी दिली होती. मिस्त्रींच्या जोडीत एक कोळी राहायचा. "पत्र्याशी बोलायचं, आणि कान बांधून?" असं त्यांनी साहेबांना तेव्हाच तोंडावर विचारलं होतं. साहेब म्हणजे वर्कशॉपचे मॅनेजर. ते गप्प बसले होते. गप्प बसणं हा साहेबांचा एकमेव गुण, असं मिस्त्री पुढे सगळ्यांना सांगत.

अपघातात चेपलेल्या गाडीचा तळ कापून तिथे नवा पत्रा जोडला, की तो रिकाम्या डब्यासारखा वाजतो. गाडी पळायला लागली की चाकांची घरघर, इंजिनाची थरथर, सगळं त्या पत्र्यातून वर चढतं आणि आत बसलेल्या माणसाला आपल्याला डब्यात घालून कोणीतरी हलवतंय असं वाटतं. म्हणून कारखान्यात गाडीच्या तळावर एक काळा, दाट लेप घालतात. वाळला की तो आवाज गिळतो. कारखान्यात यंत्राचा हात येतो आणि चार बोटं रुंद, वर बारीक पन्हळी असलेले पट्टे एकाशेजारी एक सोडून जातो. दुरुस्तीत यंत्राचा हात नसतो. लेपाचं नळकांडं गनमध्ये घालायचं, खटका दाबायचा आणि पुढच्या नोझलमधून निघेल तसा पट्टा ओढायचा. बहुतेक ठिकाणी नोझल म्हणजे तिरकी कापलेली प्लॅस्टिकची नळी, आणि पट्टा म्हणजे सुरवंट. त्या सुरवंटांवर कोणीतरी ब्रश फिरवतो, हात पुसतो आणि म्हणतो, झालं काम.

या "झालं काम"ची मिस्त्रींना किळस होती. बत्तीस वर्षांत त्यांनी नोझलच्या सत्तेचाळीस जाती घडवल्या होत्या. ते त्यांना चोची म्हणत. पितळेचा तुकडा, करवत, कानस आणि पॉलिश पेपर, एवढ्यावर. कुठली बदकासारखी चपटी, कुठली दाराच्या खाचेत शिरणारी वाकडी. प्रत्येकीच्या ओठाला दाते, पट्ट्यावर पन्हळी उठाव्यात म्हणून. आणि दोन अंगांना दोन छोटे पाय, पत्र्यापासूनची उंची कुठे कमीजास्त होऊ नये म्हणून. सगळ्या एका खणात, जुन्या मऊ सदऱ्याच्या तुकड्यांत गुंडाळलेल्या. एवढ्या मायेने त्यांनी स्वतःच्या लग्नाचे फोटोही ठेवले नव्हते.

लेप वाळला की मिस्त्री गाडीत उकिडवे बसायचे, डोळे मिटायचे आणि बोटांच्या पेरांनी तळ ठोकत जायचे. ढप, ढप, ढप. ही ठोकून बघायची रीत त्यांना त्यांच्या वस्तादांनी शिकवली होती. लेप पत्र्याला चिकटला असेल तर ढप वाजतो. कुठे खाली पोकळी राहिली असेल तर त्या ढपमागे एक बारीक किर्र येते, कागदाखाली माशी अडकल्यासारखी. वस्तादांना ती किर्र गाडीपासून दोन हातांवर उभं राहूनही कळत असे. पूर्ण तळ ठोकून झाला की मिस्त्री डोळे उघडायचे आणि नाटकात राजाने निवाडा द्यावा तसं जाहीर करायचे, "चिडीचूप." तिथून ते नाव पडलं. गाड्यांचा आवाज घालवणारा हा माणूस स्वतः दिवसभर इतक्या वरच्या पट्टीत बोलायचा, की पलीकडच्या टायरच्या दुकानात गिऱ्हाईकाशी खुणांनी बोलावं लागे.

अलीकडे त्यांच्या तिरस्काराला एक नवा विषय मिळाला होता. लोक पुटपुटायला लागले होते. बँकेतली मुलगी पुटपुटत होती, साहेब पुटपुटत होते, मुलाचा परगावाहून फोन आला की तोही दाढ दुखत असल्यासारखा बोलत होता. टीव्हीवरच्या नटांचं तर नावच काढायला नको. ज्याचं वाक्य शेवटच्या रांगेत पोचत नाही, त्याने तोंडाला रंग फासावाच कशाला? एक अख्खी पिढी तोंड न उघडता बोलायला शिकली, आणि तिला कोणी कानाखाली वाजवलं नाही, याचं मिस्त्रींना नवल वाटे.

घरची बेल हा दुसरा विषय. पाखराच्या चिवचिवाटाची ती बेल बायकोने हौसेने आणली होती. दोन वर्षांत मिस्त्रींनी ती पाच वेळा उघडली, बॅटऱ्या बदलल्या, तारा खरवडल्या, बटण दाबदाबून पाहिलं. हूं नाही की चूं नाही. बेल बनवणाऱ्यांची सात पिढ्यांची अक्कल काढून त्यांनी तिचा नाद सोडला. बेल बंद असताना बायको नेमकी वेळेवर दार उघडायला कशी उठते, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. बायकांना दाराबाहेरचं माणूस कळतं, असं त्यांचं मत होतं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना, मिस्त्रींना निवृत्त व्हायला तीन महिने उरले आणि एक बातमी आली. एका मोठ्या गाडी कंपनीची तपासनीस वर्कशॉप बघायला येणार होती. अपघातातल्या गाडीचा तळ बदलून त्यावर कारखान्यासारखेच पट्टे घालून दाखवायचे. काम पसंत पडलं तर ज्या नोझलने ते झालं त्याचं चित्र काढून कंपनी आपल्या सगळ्या दुरुस्ती केंद्रांना पाठवणार होती. साहेबांनी हे सांगितलं तेव्हा मिस्त्री काहीच बोलले नाहीत, आणि तेवढ्यावरूनच वर्कशॉपला कळलं की गोष्ट गंभीर आहे. आपण गेल्यावर त्या खणाचं काय होईल हे मिस्त्रींना ठाऊक होतं. सोमवारी खण रिकामा होईल, मंगळवारी पितळ भंगारात जाईल, आणि बुधवारी कोणीतरी तिरकी नळी लावून सुरवंट काढत बसेल. सत्तेचाळिसांतली एक तरी मागे राहायला हवी होती.

आडवा आला तो पुतण्या. धाकट्या भावाचा मुलगा, वर्षभरापूर्वी वर्कशॉपच्या आरेखन विभागात लागलेला. विभाग म्हणजे एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि प्लॅस्टिकचा धागा वितळवून थरावर थर चढवत वस्तू तयार करणारं एक खोकं. त्यानेही या कामासाठी एक नोझल काढलं होतं. मिस्त्री त्याला चित्रकार म्हणत. त्याचं नोझल त्यांनी एकदा दोन बोटांत धरून पाहिलं होतं, उंदीर शेपटीला धरावा तसं. आत काय आहे ते बघायची त्यांना गरज वाटली नाही. खेळण्याच्या आत काय बघायचं?

साहेबांनी आपल्या स्वभावाप्रमाणे कोणालाच न दुखवणारा तोडगा काढला. एकच गाडी, डावा तळ मिस्त्रींचा, उजवा पुतण्याचा.

पुतण्याचे पहिले दोन पट्टे बरे निघाले. तिसऱ्याला गनच्या दाबाने प्लॅस्टिकचे ओठ फाकले आणि पट्टा मधेच फुगला, बेडूक गिळलेल्या सापासारखा. मिस्त्रींनी तो पट्टा बघायला रंगखातं, काचवाले आणि वायरिंगवाला, सगळ्यांना बोलावलं. वायरिंगवाल्याला त्यांनी आपण होऊन बोलावल्याची ती पहिली वेळ. त्यांचे स्वतःचे पट्टे बघण्यासारखेच होते. काळे, सपाट, पन्हळी अशा सरळ की वहीच्या रेघा वाटाव्यात. दुसऱ्या दिवशी लेप वाळल्यावर त्यांनी डोळे मिटून तळ ठोकला. ढप, ढप, ढप. "चिडीचूप." साहेबांनी मान डोलावली. उजवा तळही मिस्त्रींच्या चोचीनेच करायचा, असं ठरलं.

पुतण्या मात्र गाडीत वाकून पट्ट्यांच्या कडा ठोकत राहिला होता. मग जवळ येऊन काहीतरी पुटपुटला. मिस्त्रींनी त्याला माणसासारखं बोलायला सांगितलं.

"काका, कडांना पोकळ वाजतंय," तो म्हणाला.

"पोकळ तुझं डोकं वाजतंय."

पुतण्याने त्यांच्याकडे थोडा वेळ पाहिलं. साहेब तीन पावलांवर होते, पण त्यांना तो काही बोलला नाही. टेबलापाशी जाऊन बसला. हरलेला माणूस असाच दिसतो, असं मिस्त्रींनी मनाशी म्हटलं आणि त्याला माफ करून टाकलं.

उजवा तळ झाला. सतरंजीसारखं जाड आस्तर आणि सीट तात्पुरत्या बसवल्या. तपासनीस गुरुवारी येणार होती. रविवारी दुपारी मिस्त्री गाडी फिरवून बघायला म्हणून घरी घेऊन आले, आणि बायकोला मागच्या सीटवर बसवलं. बत्तीस वर्षांत त्यांनी तिला आपलं काम कधी दाखवलं नव्हतं. आज दाखवायचं होतं, आणि वाहवा ऐकायची होती. दुसरं काही नाही. शहराबाहेरच्या गुळगुळीत रस्त्यावर त्यांनी वेग वाढवला आणि आरशात बघत विचारलं, कशी वाटते?

तिने छान आहे म्हणून सांगितलं. सीट मऊ आहे, गारवाही बरा आहे. फक्त पायाखाली काहीतरी किणकिणतंय, डास अडकल्यासारखं. आधी डावीकडे होतं, आता उजवीकडेही.

मिस्त्रींनी गाडी एका बंद गोदामाच्या भिंतीपाशी उभी केली, इंजिन चालू ठेवलं आणि मागे येऊन आस्तर वर करून तळाला कान लावला. त्या भारदस्त शरीराची घडी करून, डोकं दोन सीटच्या मधे खुपसून, ते बराच वेळ तसेच राहिले. खोल घुमणारी घरघर येत होती, ती गाडीचीच होती. डास नव्हता. ते लाल चेहऱ्याने वर आले आणि म्हणाले की आता तीही त्या चित्रकाराला सामील झाली आहे.

"त्यालाही ऐकू आलं का?" तिने विचारलं.

मिस्त्री पुढच्या सीटवर जाऊन बसले. तिने आपली पर्स मांडीवर सरळ केली.

"अहो, आपली बेल बिघडलेली नाही," ती म्हणाली. "कधीच नव्हती."

"बेलचा इथे काय संबंध?"

"ती वाजते. रोज वाजते. ती ऐकूनच मी दार उघडायला उठते."

"मग हे दोन वर्षांत सांगता नाही आलं?"

"सांगितलं की. दर वेळी तुम्ही म्हणालात, पुटपुटू नको."

गोदामाच्या भिंतीवर एक चिमणी बसली होती. तिची चोच उघडत होती, मिटत होती. मिस्त्रींनी काच खाली केली आणि तिच्याकडे बघत राहिले. जाड आवाज त्यांना सगळे ऐकू येत होते. हातोडी, इंजिन, साहेबांचं खाकरणं. ढप ऐकू येत होता. गेली होती ती फक्त किर्र. पण त्यांच्या धंद्यात किर्रच तर ऐकायची असते. ती नसल्यावर जगातला प्रत्येक पत्रा चिडीचूप. गेल्या दोन वर्षांत, कदाचित तीन, त्यांनी डोळे मिटून पसंत केलेल्या कितीतरी गाड्या या क्षणी कुठेकुठे पळत होत्या, आणि कोणाकोणाच्या पायाखाली डास गुणगुणत होते. त्या माणसांनी वर्कशॉपला काय काय म्हटलं असेल, हे मिस्त्री चांगलं जाणून होते. त्यांच्या जागी त्यांनी स्वतः काय म्हटलं असतं, तेच.

परतीच्या रस्त्यावर त्यांनी एकाही गाडीवाल्याला शिवी दिली नाही. बायकोला काळजी वाटली.

सोमवारी ते सातलाच वर्कशॉपला पोचले. लेप मधे घट्ट होता. कडेला त्यांनी पुट्टीची पातळ पात घातली, तर ती पाकिटाच्या झाकणाखाली जावी तशी सरळ आत गेली. पट्टा उचलला. खालचा प्राइमर लख्ख कोरडा, लेपाने त्याला स्पर्शही केलेला नव्हता. कारण कळायला त्यांना क्षणही लागला नाही, आणि हीच गोष्ट त्यांना जास्त झोंबली. लेप आळशी असतो. जिथे वाट सोपी तिथूनच जातो. चोचीत तो मधून यायचा, मधूनच भरभरून बाहेर पडायचा, आणि कडांना नुसता फरपटत जायचा. वरून ओठाचे दाते त्याला विंचरून भांग पाडायचे. खाली तो पत्र्याला टेकायचाच नाही. वरून इस्त्री, खालून उघडं.

तपासनीस कदाचित पट्टीने रुंदी मोजून निघून गेली असती. कडा ठोकेलच असं नव्हतं. ही शक्यता मिस्त्रींनी, हातात पात धरून, सुमारे पाच मिनिटं डोक्यात घोळवली. मग पुतण्या आला आणि सुटलेला पट्टा बघून दारातच थांबला.

"ये," मिस्त्री म्हणाले. "ठोक. पोकळ असेल तिथे खडूने खूण कर."

पुतण्याने ठोकून खुणा केल्या. अर्ध्या तासात तळ पांढऱ्या फुल्यांनी भरला. त्याने एकदाही वर बघून विजयाने हसू नये, याचाही मिस्त्रींना राग आला. त्यांच्या वस्तादांनी अशा वेळी निदान चार टोमणे मारले असते, आणि ते त्यांना बरं वाटलं असतं.

मग ते पुतण्याच्या टेबलाशी गेले, त्याचं प्लॅस्टिकचं नोझल उचललं, टेबलाच्या लोखंडी पकडीत आवळलं आणि करवतीने उभं चिरलं. पुतण्या बघत राहिला. मिस्त्रींनी एक फाक उजेडात धरली. आत मधोमध एक उंचवटा होता, रस्ता अडवून बसलेला. दोन बाजूंना वाटा मोकळ्या, बाहेरच्या अंगाला जास्त रुंद होत गेलेल्या. लेपाला मधून जायला त्रास व्हावा आणि कडेला गर्दी न होता पोचता यावं, अशी ती रचना होती. मिस्त्रींनी ती फाक बराच वेळ फिरवून फिरवून पाहिली.

"वाटा बऱ्या आहेत," ते म्हणाले. "भिंती रद्दी आहेत."

साहेबांना त्यांनी स्वतःच जाऊन सांगितलं, आणि त्यांच्या आवाजात सांगितल्यामुळे ते टायरच्या दुकानालाही कळलं. तळ खरवडायचा, पुन्हा पट्टे घालायचे, कारण मिस्त्रींना कडा ऐकू येत नाहीत. साहेबांनी तोंड उघडलं, पण आपला एकमेव गुण आठवून मिटून घेतलं.

वाळलेला लेप पत्र्यावरून खरवडताना पात जो आवाज करते तो दात आंबवणारा असतो. पुतण्या खरवडायला बसला तेव्हा मिस्त्री उठून दारामागे गेले, खिळ्यावरची पिवळी झापडं काढली, कोळ्याला बाहेर झटकलं आणि ती पुतण्याच्या डोक्यावर दाबून बसवली. उघड्या कानाने बसायला तू काय गाढव आहेस का, असं ते म्हणाले. पुतण्याला ते ऐकू आलं नाही.

सोमवार दुपारपासून मंगळवार संध्याकाळपर्यंत अठ्ठेचाळिसावी चोच झाली. पितळ दोन फाकांत कापून, आतला उंचवटा आणि वाटा कानशीने काढून, मग फाका डाग देऊन जोडलेली. पुतण्या कागदावरची मापं वाचायचा आणि मिस्त्री दर वेळी विचारायचे, काय? तो पुन्हा, मोठ्याने वाचायचा. चौथ्या वेळेनंतर त्याने मापं खडूने भिंतीवरच लिहिली. हे तुला आधी सुचलं नाही का, असं मिस्त्रींनी त्याला ऐकवलं. मंगळवारी संध्याकाळीच दोन्ही तळांवर पट्टे पडले आणि पुढे अख्खा बुधवार ते वाळायला मिळाला.

गुरुवारी तपासनीस आली. बारीक अंगाची, करड्या केसांची बाई, हातात एक पट्टी आणि एक जाड नाणं. रुंदी तिने मोजलीच नाही. सरळ गुडघ्यांवर बसली आणि नाण्याने कडा ठोकायला लागली, एकेक पट्टा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मिस्त्री तिच्या मागे उभे होते. नाणं हलताना त्यांना दिसत होतं. बायकोच्या बाळंतपणात आपण दवाखान्यात असेच उभे होतो, हे त्यांना उगीचच आठवलं.

मग ती खालीच बघत काहीतरी बोलली. तिचे ओठ हलले.

पुटपुटू नका, हे वाक्य मिस्त्रींच्या जिभेवर सवयीने येऊन उभं राहिलं. रंगखातं बघत होतं, काचवाले बघत होते. वायरिंगवाला हातातली तार तशीच धरून उभा होता.

"बाई," मिस्त्री म्हणाले, "जरा मोठ्याने सांगा. मला कमी ऐकू येतं."

कुठेतरी हातोडी चालू होती, ती थांबली. बाईने मान वर केली, त्यांच्याकडे नीट पाहिलं, आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा स्वच्छ आवाजात म्हणाली, "कडा घट्ट बसल्या आहेत. नोझल कोणाचं?"

मिस्त्रींनी हनुवटीनेच पुतण्याकडे खूण केली. "वाटा त्याच्या, हात माझे. गाढवाने आधी प्लॅस्टिकमध्ये केलं होतं."

बाईने लिहून घेतलं. गाढव वगळून. चोच चित्र काढण्यासाठी तिने एका पिशवीत घातली, आणि ती पिशवी तिच्या बॅगेत जाईपर्यंत मिस्त्रींची नजर तिच्यावरून हलली नाही. त्यांनी एकच सांगितलं: पिशवीत मऊ फडकं घाला, ओठाला ओरखडा जायला नको. आजकालच्या लोकांना पितळ कसं धरायचं ते माहीत नसतं.

त्या संध्याकाळी मिस्त्री घरी आले आणि खिशात किल्ली असताना दारात थांबले. त्यांनी बेलचं बटण दाबलं. काही नाही. दुसऱ्या हाताचं बोट बेलच्या डबीवर टेकवून पुन्हा दाबलं. बोटाखाली काहीतरी बारीक थरथरलं, मुठीत पाखरू धरल्यासारखं. ते तसेच दाबत राहिले.

बायकोने दार उघडलं.

"वाजली?" त्यांनी विचारलं.

"वाजली," ती मोठ्याने म्हणाली. "अख्ख्या मजल्याला ऐकू गेली."

"मग दार उघडायला इतका वेळ काय लागला?" असं म्हणत, पायपुसणं बनवणाऱ्याच्या अकलेची चौकशी करत, मिस्त्री आत आले.